लॅव्हाझिएचा तराजू

मुलांनो, लाकूड जळले की चिमूटभर राख उरते. मग बाकीचे लाकूड कोठे गेले? पॅरिसमध्ये १७४३ साली जन्मलेल्या लॅव्हाझिएला असेच प्रश्न पडत. तो प्रत्येक वस्तू तोलून पाही.

१७७४ साली त्याने काचेच्या बंद भांड्यात कथील तापवले. वजन पूर्वीइतकेच भरले! भांडे उघडताच बाहेरची हवा आत शिरली आणि वजन वाढले. म्हणजे कथिलाने आतली थोडी हवा घेतली होती. रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही. लाकडाचेही वायू होतात. ते आपण तोलत नाही, एवढेच.

लॅव्हाझिए कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. तिच्यावर लोकांचा फार राग. फ्रान्समध्ये क्रांती झाली. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो ५० वर्षांचा होता.