जनरलसाहेबांची लेक





लेण्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या आपणा सर्वांना एक दृश्य परिचयाचे आहे. नवी जोडपी डोंगराच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. पार्वतीने पुत्रासाठी याच डोंगरात तप केले, अशी आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आहे. आपल्यातली जोडपी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातात आणि तेच मागणे मागतात. सुदृढ बाळ पदरात पडावे, ही इच्छा सगळीकडे सारखीच.

पण कधी कधी बाळ जन्मते आणि डॉक्टर सांगतात, की त्याच्या हृदयाला छिद्र आहे, टाळू फाटलेली आहे, किंवा त्याची बुद्धी इतर मुलांसारखी वाढणार नाही. मग त्या घरातून पेढे बाहेर पडत नाहीत. सून ग्रहणात काय करत होती, याची चौकशी सुरू होते. बाप दिवसभर शेतावर राहतो, रात्री उशिरा येतो. आई रात्र रात्र जागते आणि कोणाशी बोलत नाही. आजारी असते बाळ, पण खचत जातात आईबाप. या रविवारी आम्ही अशाच एका आईबापाची कथा आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यातला बाप जगप्रसिद्ध होता, पण त्याच्या घरातली ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

चार्ल्स द गॉल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी फ्रान्समधील लील या शहरात एका श्रद्धावान कॅथलिक कुटुंबात झाला. ते सैन्यात अधिकारी झाले. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन १९१६ साली जर्मनांच्या कैदेत पडले. १९२१ साली त्यांचा यव्हॉन या तरुणीशी विवाह झाला. फिलिप आणि एलिझाबेथ ही दोन मुले झाली. नंतर द गॉल यांची नेमणूक जर्मनीतील ट्रिअर येथे फ्रेंच पलटणीवर असताना, १ जानेवारी १९२८ रोजी, तिसरे अपत्य जन्मले. तिचे नाव ॲन.

ॲनला आज आपण ज्याला डाऊन सिंड्रोम म्हणतो तो विकार होता. त्या काळी त्याचे कारण कोणालाच माहीत नव्हते. ते कळले १९५९ साली. पॅरिसमधील लेज्यून, गोतिए आणि त्युर्पँ या तिघा संशोधकांनी दाखवून दिले, की अशा मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. ही जादा गुणसूत्राची गोष्ट गर्भधारणेच्या वेळीच घडते. त्यात आईच्या वागण्याचा, ग्रहणाचा वा कोणाच्या नजरेचा काही संबंध नसतो. परंतु १९२८ साली हे ज्ञान नव्हते, म्हणून लोक आईबापाकडेच बोट दाखवत. प्रतिष्ठित घराण्यांत अशी मुले लपवली जात, किंवा दूरच्या संस्थेत ठेवून त्यांचे नाव घेणे बंद होई.

द गॉल पतिपत्नींनी ॲनला घरीच ठेवले. बापाची बदली १९२९ साली बैरुतला झाली, तेव्हा तीही बरोबर गेली. पुढे १९३४ साली त्यांनी कोलोंबे नावाच्या लहान खेड्यात घर घेतले. मुलीला मोकळी हवा आणि शांतता मिळावी, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

द गॉल हे उंचेपुरे, करारी आणि अबोल गृहस्थ होते. हाताखालचे लोक त्यांना वचकून असत. घरी मात्र हा माणूस लेकीला मांडीवर घेऊन गाणी म्हणे, गोष्टी सांगे, आपली लष्करी टोपी तिला खेळायला देई. ॲनला नीट बोलता येत नसे. तिला बरे करणे बापाच्या हाती नव्हते. तिच्याजवळ बसणे हातात होते, आणि ते त्यांनी पत्नीवर सोडून दिले नाही. सोबतीला मुलीची देखभाल करणारी एक बाईही त्यांनी ठेवली होती. सारे काही आईनेच करावे, असा त्या घराचा नियम नव्हता.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. द गॉल १७ जूनला विमानाने लंडनला गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओवरून देशबांधवांना लढा चालू ठेवण्याचे आवाहन केले. त्याच दिवसांत यव्हॉनबाई तिन्ही मुलांना घेऊन बोटीने इंग्लंडला पोहोचल्या. पळापळीत अशा मुलीला मागे ठेवण्याचा सल्ला कोणीही दिला असता. पण ॲन मागे राहिली नाही. त्याच काळात जर्मनीत नाझी सरकार अशा मुलांना निरुपयोगी ठरवून ठार मारत होते. मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी १९४१ साली उपदेशपीठावरून या हत्यांचा जाहीर निषेध केला. एकीकडे सरकार अशा मुलांना मारत होते, आणि दुसरीकडे त्या सरकारशी लढणारा सेनापती अशाच एका मुलीचा बाप होता.

युद्ध संपल्यावर, १९४५ साली, या दांपत्याने पॅरिसजवळ एक मोठा वाडा विकत घेतला. ज्या गरीब कुटुंबांतल्या मुलींना बौद्धिक अपंगत्व आहे, त्यांच्यासाठी तिथे संस्था सुरू केली आणि तिला ॲनचे नाव दिले. पुढे द गॉल यांच्या युद्धविषयक आठवणींच्या पुस्तकांचे मानधन याच कार्यासाठी दिले गेले. योगायोग असा, की १९४४ साली आपल्या मुंबईतही वकील दांपत्याने जय या आपल्या मुलीसाठी अशीच शाळा सुरू केली होती. ती आजही चालू आहे.

६ फेब्रुवारी १९४८ रोजी ॲन न्यूमोनियाने वारली. ती वीस वर्षांची होती. तिला कोलोंबेच्या दफनभूमीत पुरले. द गॉल पुढे १९५९ ते १९६९ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते. आपल्याला थाटाची सरकारी अंत्ययात्रा नको, लेकीजवळ जागा द्यावी, असे त्यांनी १९५२ सालीच लिहून ठेवले होते. ९ नोव्हेंबर १९७० रोजी ते वारले आणि तिच्याजवळच विसावले. १९७९ साली यव्हॉनबाईही तिथेच गेल्या.

प्रिय भाविकांनो, या घराजवळ पैसा होता, मदतनीस होती. आपल्याजवळ तेवढे नसते, हे आम्ही जाणतो. पण त्यांनी केलेल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. त्यांनी दोष शोधला नाही, मूल लपवले नाही, आणि बापाने आपला वाटा उचलला.

द गॉल यांच्याच पिढीतले फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल समस्या आणि रहस्य यांत फरक करत. समस्या आपल्यासमोर असते, ती सोडवून बाजूला ठेवता येते. रहस्यात आपण स्वतःच सामील असतो, ते जगावे लागते. हृदयाचे छिद्र ही समस्या आहे, त्यावर उपचार करावेत. बाळ मात्र समस्या नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी कोणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला, हे योहानच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो.

म्हणून आमची विनंती. असे बाळ असलेल्या घरी जाल तेव्हा कारण विचारू नका, बाळाचे नाव विचारा. तासभर बाळाला सांभाळा आणि आईला झोपू द्या. मोठ्या भावंडांकडेही लक्ष द्या, ती गप्प असतात म्हणून सुखी असतात असे नाही. बाप एकटा दिसला तर त्याच्याशेजारी बसा. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बाळांना हृदयाचाही दोष असतो, तेव्हा तपासणी टाळू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडी ताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. कागदपत्रे अडली तर आमच्याकडे या.

आणि ज्या आईबापांच्या घरी आज असे बाळ आहे, त्यांना एवढेच सांगतो: तुम्ही थकता, चिडता, कधी देवावर रागावता, म्हणून तुमची माया कमी ठरत नाही. रविवारी बाळाला घेऊन पुढच्या बाकावर बसा. ते मिस्सेत रडले तर रडू द्या. आम्ही प्रवचन थोडे थांबवू.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू