कर्नल ऑल्कॉट : बौद्धांचा वकील

वैशाख पौर्णिमेच्या सकाळी नागपूरच्या दीक्षाभूमीपासून खेड्यातल्या लहानशा विहारापर्यंत सर्वत्र निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी अशा पाच रंगांचा ध्वज फडकताना दिसतो. हा ध्वज प्रथम उभारला गेला तो २८ एप्रिल १८८५ रोजी, सिलोनमध्ये म्हणजे आजच्या श्रीलंकेत. त्या वर्षी तेथील ब्रिटिश सरकारने वैशाख पौर्णिमेला सार्वजनिक सुटी मान्य केली होती. ही सुटी सुखासुखी मिळाली नव्हती. तिच्यामागे एक दंगल, एक मृत्यू आणि सरकारदरबारी न मिळालेला न्याय होता. त्या न्यायासाठी लंडनपर्यंत धाव घेणारा माणूस सिंहली नव्हता, भारतीयही नव्हता. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात काम केलेला एक निवृत्त कर्नल होता. त्याचे नाव हेन्री स्टील ऑल्कॉट.

ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी, एका धर्मनिष्ठ प्रेस्बिटेरियन कुटुंबात झाला. वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ओहायोतील नातेवाइकांच्या शेतीवर राबू लागले. शेतीची गोडी लागली ती तेथेच. पंचविशीत असताना, १८५७ मध्ये, त्यांनी साखर देणाऱ्या गोड धाटांच्या चिनी आणि आफ्रिकी जातींवर ग्रंथ लिहिला. ही धाटे म्हणजे आपल्या ज्वारीचीच भावंडे. उसाची साखर दक्षिणेतील गुलामांच्या श्रमावर पिकत होती, म्हणून उत्तरेतील शेतकऱ्यांना या पिकाविषयी मोठी आशा वाटत होती. पुढे ते 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या दैनिकाचे कृषी संपादक झाले. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउन यांना १८५९ च्या डिसेंबरात व्हर्जिनियात फाशी देण्यात आली. 'ट्रिब्यून'च्या बातमीदाराला तेथे जिवाचे भय होते, तरी ऑल्कॉट वेष पालटून तेथे पोहोचले आणि त्यांनी ती घटना वाचकांपर्यंत नेली.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले आणि जनरल बर्नसाइड यांच्या उत्तर कॅरोलिनातील मोहिमेत संदेशवहन अधिकारी म्हणून गेले. तेथे आजारी पडून परतल्यावर त्यांच्याकडे वेगळीच कामगिरी आली. सैन्यभरती आणि लष्करी पुरवठा यांत ठेकेदारांनी व अधिकाऱ्यांनी चालविलेली लूट शोधून काढण्यासाठी युद्धखात्याने त्यांना विशेष आयुक्त नेमले. कर्नल हा हुद्दा त्यांना मिळाला तो याच कामात. खोटी बिले, बनावट सह्या आणि कागदावरच असलेले शिपाई यांचा माग काढण्यात त्यांची वर्षे गेली. लाच आणि धमकी या दोन्ही अस्त्रांना ते बधले नाहीत. एका धनाढ्य अपहारकर्त्याला त्यांनी तुरुंगाची वाट दाखविली, तेव्हा युद्धमंत्री स्टँटन यांनी त्या निकालाची तुलना रणांगणावरील विजयाशी केली. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली, तेव्हा कटाच्या तपासासाठी बोलावलेल्या अधिकाऱ्यांतही ऑल्कॉट होते. युद्धानंतर त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि विमा, महसूल व फसवणूक या विषयांतील जाणकार वकील म्हणून न्यूयॉर्कमध्ये नाव मिळविले.

अशा पुरावानिष्ठ माणसाला अदृश्य जगाचे विलक्षण आकर्षण असावे, हे त्यांच्या स्वभावातील कोडे होते. मृतात्म्यांशी संपर्क, संमोहन, मेस्मरची प्राणशक्ती यांविषयीचे कुतूहल त्यांना तरुणपणापासून होते. १८७४ मध्ये व्हर्मांट राज्यातील एका शेतघरात आत्मे प्रकट होतात अशी वदंता पसरली. ऑल्कॉट तेथे वार्ताहर म्हणून गेले, खोलीची मापे घेतली, दारे-खिडक्या तपासल्या आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम करून लेखमाला लिहिली. तेथेच मादाम ब्लाव्हाट्स्की या रशियन विदुषीशी त्यांची गाठ पडली. १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे कार्य औपचारिकपणे सुरू झाले आणि ऑल्कॉट तिचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास त्यांचा विवाह मोडला. चालती वकिली आणि अमेरिकेत राहणारे दोन मुलगे मागे ठेवून १८७८ च्या अखेरीस त्यांनी पूर्वेची वाट धरली.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी वाकून धक्क्याच्या दगडी पायरीचे चुंबन घेतले. गिरगावात बिऱ्हाड झाले. २३ मार्च रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे पहिले जाहीर व्याख्यान झाले. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस हिंदुस्थानच्या प्राचीन विद्येची थोरवी गातो, हे मुंबईकरांना नवलाचे होते आणि सरकारला संशयास्पद. रशियाचे हस्तक असल्याच्या शंकेने गुप्त पोलीस या मंडळींच्या मागावर राहिले. ऑक्टोबरात 'थिऑसॉफिस्ट' हे मासिक मुंबईतून सुरू झाले. नोव्हेंबरात सोसायटीच्या वर्धापनदिनी ऑल्कॉट यांनी देशी कारागिरांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरविले. स्वदेशी हा शब्द चळवळीचे निशाण होण्यास तेव्हा पाव शतकाचा अवकाश होता.

बुद्धाच्या शिकवणीकडे ऑल्कॉट अमेरिकेत असतानाच वळले होते. सिलोनमधील पाणदुरा येथे १८७३ मध्ये मिगेट्टुवट्टे गुणानंद या भिक्खूंनी मिशनऱ्यांशी केलेला गाजलेला वाद त्यांनी वाचला होता. १७ मे १८८० रोजी ते ब्लाव्हाट्स्की यांच्यासह गॉल बंदरात उतरले. २५ मे रोजी तेथील विहारात, लोकांच्या तुडुंब गर्दीत, दोघांनी पंचशील ग्रहण केले. गोऱ्या माणसाने गुडघे टेकून त्रिशरण म्हणावे, ही गोष्ट तीनशेहून अधिक वर्षे युरोपीय सत्तांच्या छायेत वाढलेल्या सिंहली समाजाला हेलावून टाकणारी होती.

ऑल्कॉट मात्र भावनेत रमले नाहीत. मुलांच्या शाळा जवळजवळ सर्वस्वी मिशनऱ्यांच्या हाती आहेत आणि बौद्ध घरातील मुलाला स्वतःच्या धर्माची प्राथमिक माहितीही नाही, हे त्यांना दिसले. उपाय त्यांनी मिशनऱ्यांच्याच शस्त्रागारातून घेतला. प्रश्नोत्तरांच्या रूपातील धर्मपरिचयाची पुस्तिका त्यांनी लिहिली आणि ती संमतीसाठी हिक्कडुवे सुमंगल या महापंडित भिक्खूंपुढे ठेवली. निर्वाणाच्या व्याख्येवर काम अडले. निर्वाणानंतरही काही उरते असे सुचविणारा मजकूर सुमंगलांना मान्य नव्हता, आणि तो बदलला तेव्हाच त्यांची संमती मिळाली. १८८१ च्या जुलैत ही बौद्ध प्रश्नोत्तरी सिंहली आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाली. पुढे वीसहून अधिक भाषांत तिचे अनुवाद झाले.

तिच्यातील बुद्ध चमत्कार करणारा देव नाही. तो नैतिक नियम दाखवून देणारा माणूस आहे. कर्म म्हणजे कोणाच्या मर्जीवर न चालणारा न्याय, हा विचार या वकिलाला मनोमन पटला होता. जगात कागदपत्रे खोटी करता येतात, साक्षीदार फोडता येतात, पण कर्माच्या हिशेबात खाडाखोड होत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांनी मांडलेला धर्म अतिशय विवेकी, पुस्तकनिष्ठ आणि शिस्तबद्ध होता. गणनाथ ओबेयसेकेरे यांच्यासारख्या अभ्यासकाने या नव्या वळणाला पुढे प्रोटेस्टंट बौद्ध धर्म असे नाव दिले, ते अकारण नव्हे. विहारात दिवा लावणाऱ्या, भूतपिशाच्चांची शांत करणाऱ्या सामान्य उपासकाच्या धर्माला त्यात फारसे स्थान नव्हते.

शाळांसाठी निधी जमविताना ते बैलगाडीतून गावोगाव हिंडले. ही गाडीही त्यांनीच आखली होती. स्प्रिंगांवर बसविलेल्या त्या दुचाकी गाडीत चार माणसे झोपू शकत. भांडी, शिधा आणि पुस्तके यांसाठी तिला खण होते. हाताने काही घडवावे, सोय करावी, हा त्यांचा छंद होता. दुसरा छंद रोजनिशीचा. तिच्या आधारे लिहिलेल्या आठवणींचे पुढे सहा खंड झाले. १८८२-८३ मध्ये हस्तस्पर्शाने रोग बरे करण्याचा सपाटाही त्यांनी लावला होता आणि पक्षाघाताचे रुग्ण त्यांच्या दारी रांगा लावीत. आज आपण त्याचे श्रेय मनावरील सूचनेच्या प्रभावाला देऊ, ऑल्कॉट ते प्राणशक्तीला देत.

अशा वेळी कोलंबोतील कोटाहेनाची घटना घडली. २५ मार्च १८८३, ईस्टरचा रविवार. गुणानंदांच्या विहारात नव्या बुद्धमूर्तीचा उत्सव चालू होता. तेथे निघालेल्या बौद्धांच्या मिरवणुकीत ख्रिस्ती श्रद्धास्थानांची विटंबना होत असल्याची अफवा पसरली आणि कॅथलिक जमावाने मिरवणुकीवर हल्ला केला. एक बौद्ध मृत्युमुखी पडला, अनेक जण जखमी झाले. संशयितांची धरपकड झाली, पण पुरेसा पुरावा नाही असे सांगून सरकारने खटला पुढे नेला नाही. अर्जविनंत्यांचा उपयोग होईना, तेव्हा बौद्ध पुढाऱ्यांनी ऑल्कॉट यांना बोलावून घेतले.

१८८४ च्या जानेवारीत त्यांच्या सल्ल्याने कोलंबोत बौद्ध संरक्षण समिती स्थापन झाली. वीस वर्षांपूर्वी लष्कराचे हिशेब तपासणारा माणूस पुन्हा कागद जुळवू लागला. समितीने त्यांना आपले प्रतिनिधी नेमले. २० फेब्रुवारी रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि लंडनला वसाहतमंत्री लॉर्ड डर्बी यांच्या खात्यापुढे त्यांनी बौद्धांची कैफियत मांडली. दंगलीतील दोषींवर कारवाई व्हावी, वैशाख पौर्णिमेला सुटी मिळावी, मिरवणुकीतील वाद्यांवरची बंधने उठावीत, विवाह नोंदणीसाठी बौद्ध निबंधक नेमावेत आणि विहारांच्या जमिनींचा प्रश्न सोडवावा, असे तिचे स्वरूप होते.

मुख्य मागणी फेटाळली गेली. दंगलीचा खटला पुन्हा उभा राहिला नाही आणि मेलेल्या माणसाला न्याय मिळाला नाही. पण १८८५ मध्ये गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी वैशाख पौर्णिमेची सुटी जाहीर केली. विहारांच्या मालमत्तेविषयीचा कायदा १८८९ मध्ये आला. पहिल्या सुटीच्या दिवशी कोलंबोतील समितीने पंचरंगी ध्वज उभारला. त्याची रंगयोजना समितीची, मात्र मूळच्या लांबट पताकेला घरावर लावता येईल व मिरवणुकीत नेता येईल असा राष्ट्रध्वजाचा आकार सुचविला तो ऑल्कॉट यांनी. अपयशातूनही समाजाच्या हाती टिकाऊ असे काही पडले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती.

याच काळात त्यांच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी घरात लागली. १८८४ मध्ये ब्लाव्हाट्स्की यांचे चमत्कार बनावट असल्याचा आरोप मद्रासच्या एका मासिकातून झाला. अब्रुनुकसानीचा दावा लावावा असा बाईंचा आग्रह होता. ऑल्कॉट यांनी निर्णय सोसायटीच्या समितीवर सोपविला. कायदेपंडितांचा भरणा असलेल्या त्या समितीने दावा न लावण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला. लंडनच्या मानसशास्त्रीय संशोधन संस्थेने १८८५ मध्ये बाईंना फसव्या ठरविले आणि ऑल्कॉट यांना भोळे. त्या अहवालाच्या पद्धतीवर पुढे, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकातून टीका झाली. तरीही एक गोष्ट उरतेच. ठेकेदारांच्या वह्या उलटून पाहणाऱ्या या माणसाने आपल्या सहकारिणीला ती फूटपट्टी कधी पुरतेपणी लावली नाही.

मद्रासजवळील अड्यार येथे १८८२ पासून सोसायटीचे ठाणे होते. तेथे १८८६ मध्ये त्यांनी हस्तलिखितांचे ग्रंथालय उभे केले. १८८९ मध्ये ते अनागारिक धर्मपालांसह जपानला गेले. उत्तर आणि दक्षिण परंपरांच्या बौद्धांना मान्य होतील अशी चौदा सूत्रे त्यांनी १८९१ मध्ये तयार केली. १८९४ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये पंचमांसाठी म्हणजे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी पहिली मोफत शाळा काढली. तमिळ विचारवंत अयोती दास यांनी १८९८ मध्ये कोलंबोला जाऊन बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांना नेणारे ऑल्कॉटच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नागपुरातील धर्मांतराआधी अठ्ठावन्न वर्षे घडलेली ही घटना महाराष्ट्रात फारशी परिचित नाही.

उतारवयात जवळची माणसे दुरावली. कँडीच्या पवित्र दंतधातूच्या अस्सलपणाविषयी त्यांनी केलेल्या विधानामुळे धर्मपाल दुखावले आणि गुरुशिष्यांत कायमचे अंतर पडले. १९०६ मध्ये बोटीवर पडून ते जखमी झाले. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यार येथे त्यांचे निधन झाले.

कोलंबोच्या फोर्ट स्थानकासमोर त्यांचा पुतळा आहे आणि शेजारच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. ज्या ध्वजाला त्यांनी आकार दिला, तो जागतिक बौद्ध बंधुसंघाने १९५२ मध्ये सर्व बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. कोटाहेनाच्या खटल्याचा निकाल कधी लागला नाही. पण एका समाजाने आपले गाऱ्हाणे नीट लिहून काढावे, प्रतिनिधी निवडावा, राज्यकर्त्यांच्या दारात जाऊन उत्तर मागावे, हा धडा त्या खटल्यानेच दिला. आपल्या विहारावर पाच रंग फडकतात तेव्हा त्यांत त्या न लागलेल्या निकालाचीही आठवण असते.