कर्नल साइक्स व भीमेचे मासे

श्रीगोंदें तालुक्यांतील पेडगांव हें भीमेच्या कांठचें गांव बहादूरगडामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांतहि या गांवाचें नांव आहे, हें आमच्या थोड्याच वाचकांस ठाऊक असेल. तें तेथें पोंचविणारे गृहस्थ कर्नल विल्यम हेन्री साइक्स होत.

त्यांचा जन्म 1790 सालीं इंग्लंडांत झाला. लहान वयांतच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेंत शिरले, व 1817 सालच्या खडकीच्या लढाईंत ते हजर होते. पेशवाई बुडाल्यावर गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांनीं 1824 सालीं त्यांस पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड या जिल्ह्यांची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें. लोकसंख्या, जमिनीची वहिवाट, पाऊसपाणी, पशु, पक्षी, कांहींच त्यांनीं सोडिलें नाहीं. 1829 अखेर सरकारनें खर्च कमी करण्यासाठीं ती जागाच मोडली. तरी साइक्स यांनीं काम अर्धें टाकिलें नाहीं. 1831 च्या जानेवारींत तें पुरें केलें आणि मगच ते स्वदेशीं जावयास निघाले.

विलायतेंतील थंड, वाहत्या पाण्यांत पिसांची खोटी माशी गळास बांधून ट्राउट नांवाचा मासा धरण्याची तिकडील लोकांस मोठी हौस. ट्राउट आमच्या नद्यांत नाहीं. पण उन्हाळ्यांत धार आटली म्हणजे भीमा, घोड, मुळा-मुठा यांचे डोह उरतात, व नदींतले मासे त्यांत गोळा होतात. हे मासे साइक्स यांनीं बारकाईनें पाहिले, आणि त्यांचें वर्णन 1839 सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळातर्फें प्रसिद्ध झालें. सचित्र निबंध 1841 सालीं निघाला.

नव्या जीवास नांव देतांना विद्वान लोक बहुधा लॅटिन किंवा ग्रीक शब्द शोधीत. साइक्स यांनीं पुष्कळ माशांस येथलेंच नांव ठेविलें: खुद्री, कोळस, नुक्ता, शिंगटी, शिंगाळा. खुद्री म्हणजे दक्षिणेंतला महासीर. ट्राउटप्रमाणें तोहि पिसांच्या माशीस फसतो. शिंगाळा गंगेंतहि सांपडतो, आणि तेथल्या त्या माशासहि शास्त्रज्ञ आज आमच्या मराठी नांवानेंच ओळखितात!

पेडगांवच्या भीमेंतील दोन चपट्या माशांस मात्र त्यांनीं ऑगिल्बी व व्हिगर्स या लंडनच्या विद्वानांचीं नांवें दिलीं. कुळाचें नांव तेवढें रोहटी असें येथलें ठेविलें. जाळें टाकून मासा वर काढणाऱ्या एकाहि भोयाचें नांव कोणत्याहि माशास मिळालें नाहीं, हें आमच्या मतें उणेंच राहिलें.

पुढें साइक्स 1840 सालीं कंपनीचे डायरेक्टर, 1856 सालीं अध्यक्ष, व 1857 पासून पार्लमेंटचे सभासद झाले. 16 जून 1872 रोजीं लंडनांत ते वारले.

खुद्री मासा त्यांस पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळाला होता. शहराच्या सांडपाण्यामुळें तेथें आज तो राहिलेला नाहीं. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा कंपनीनें 1970 च्या दशकांत महासीराचीं अंडीं उबविण्याचें काम सुरू केलें, आणि तेथलीं पिलें दूरदूरच्या नद्यांत व तलावांत सोडण्यांत आलीं.