लंडनची घाण बार्किंगच्या दारात. जोसेफ बॅझलजेट यांची गोष्ट

वरच्यानं चर काढला की पाणी खालच्याच्या बांधावर जातं आणि तंटा उभा राहतो. आपल्याकडं दर पावसाळ्यात कुठं ना कुठं हे होतंच. दीडशे वर्षांपूर्वी असाच तंटा लंडन शहर आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या बार्किंग गावात झाला होता. त्या भांडणाच्या मधोमध होते इंजिनिअर जोसेफ बॅझलजेट.

बॅझलजेट यांचा जन्म २८ मार्च १८१९ चा, लंडनजवळच्या एनफिल्डचा. वडील नौदलात. तरुणपणी त्यांनी आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनीतून पाणी काढायचं काम शिकून घेतलं. पुढं लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस टाकलं, पण कामाच्या ताणानं १८४७ मध्ये तब्येत पार ढासळली. त्यातून सावरून १८४९ मध्ये ते लंडनच्या गटार खात्यात लागले.

तेव्हा अख्ख्या लंडनची घाण थेट थेम्स नदीत जायची. गटारं ओहोटीलाच रिकामी व्हायची. भरती आली की तेच पाणी मागं फिरून सखल भागातल्या तळघरांत शिरायचं. आणि पिण्याचं पाणीही बऱ्याच ठिकाणी त्याच नदीचं! १८४८-४९ च्या पटकीत शहरात १४ हजारांवर माणसं गेली. १८५३-५४ मध्ये पुन्हा १० हजारांवर.

१८५६ मध्ये बॅझलजेट नव्या बोर्डाचे मुख्य इंजिनिअर झाले. त्यांचा प्लॅन साधा होता. नदीला समांतर मोठी गटारं बांधायची, सगळी घाण अडवायची आणि शहराच्या पूर्वेला, खाली नेऊन सोडायची. पण सोडायची कुठं, इथंच गाडी अडली. मंत्री सर बेंजामिन हॉल म्हणत होते, तोंड आणखी लांब न्या. लांब न्यायचं तर खर्च कुणी करायचा? दोन वर्षं नुसते कागद फिरले. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र नदीला एवढी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून लावावे लागले. नाकाशी आल्यावर कायदा लगेच झाला, ऑगस्टमध्येच!

मग कामानं वेग घेतला. १३० किलोमीटरच्या वर मुख्य गटारं, ३१ कोटींवर विटा. सिमेंटची प्रत्येक खेप तपासूनच घ्यायची, हा बॅझलजेट यांचा दंडक. १८६६ मध्ये पटकी परत आली तेव्हा ती मुख्यतः पूर्व लंडनमध्ये पसरली, जिथं काम पूर्ण व्हायचं होतं. बाकी शहर बरंचसं वाचलं.

आता बार्किंगचं बघा. उत्तर लंडनच्या गटाराचं तोंड निघालं त्यांच्या खाडीपाशी. घाण साठवून ओहोटीला सोडायची, म्हणजे ती समुद्राकडं जाईल, असा हिशेब होता. पण नदी काही एकाच बाजूला वाहत नाही, भरती तेच पाणी परत आणते. एकेकाळी मासेमारीवर जगलेल्या या गावानं सरकारकडं तक्रार केली. १८६९ मध्ये चौकशीला आले रॉबर्ट रॉलिन्सन, तेही इंजिनिअरच. कौल गेला बोर्डाच्या बाजूनं. आम्हाला तरी वाटतं, बार्किंगकरांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्यामागं लंडनएवढं वजन नव्हतं, इतकंच.

पुढं ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी बोट गटाराच्या तोंडांजवळच दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. ६०० हून जास्त माणसं गेली. त्याआधी तासाभरापूर्वीच तिथं घाण सोडलेली होती. लोक ज्या पाण्यात पडले ते कसलं होतं, याची चर्चा देशभर झाली. १८८२ मध्ये सरकारी आयोग बसला आणि त्यानं सांगितलं की कच्ची घाण नदीत सोडणं थांबवा, गाळ वेगळा काढा.

बॅझलजेट यांना १८७५ मध्ये ‘सर’ किताब मिळाला होता. नदीकाठचे मोठे बंधारे-रस्तेही त्यांचेच. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १५ मार्च १८९१ रोजी वारले. गाळ समुद्रात नेऊन टाकणारं पहिलं जहाज १८८७ मध्ये सुरू झालं, त्याला नावही त्यांचंच दिलं होतं. अशी जहाजं १९९८ पर्यंत फेऱ्या मारत होती.