मर्यादेचा हिशेब मांडणारा कारखानदार

कारखानदार म्हटला की जास्त माल काढणारा आणि नफा मोजणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. अशाच एका माणसाने वाढीलाही काही मर्यादा आहे का, असे जगाला विचारले, याचे मला मोठे नवल वाटते.

ऑरेलिओ पेच्चेई यांचा जन्म ४ जुलै १९०८ रोजी इटलीतील तुरिन शहरी झाला. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो लेनिनच्या नव्या आर्थिक धोरणाचा, आणि तोही मुसोलिनीच्या राज्यात! पुढे ते फियाट कंपनीत लागले. महायुद्धात ते फॅसिस्टविरोधी लढ्यात उतरले. १९४४ मध्ये पकडले जाऊन जवळजवळ वर्षभर तुरुंगात त्यांनी छळ सोसला. युद्धानंतर फियाटचा कारभार पाहण्यासाठी ते लॅटिन अमेरिकेत गेले, आणि तेथील दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. १९५७ मध्ये विकसनशील देशांना सल्ला देणारी इटालकन्सल्ट ही संस्था त्यांनी उभारली. १९६४ मध्ये ते ऑलिव्हेट्टीचे अध्यक्ष झाले.

१९६५ मध्ये ब्युनॉस आयरिस येथे त्यांनी एक भाषण केले. त्या भाषणाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर ग्विशियानी या रशियन अधिकाऱ्याच्या हाती पडले. त्याने अमेरिकेतील कॅरल विल्सन यांना विचारले, हा गृहस्थ कोण? त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ते पॅरिसला अलेक्झांडर किंग या शास्त्रज्ञाकडे पाठवले. शीतयुद्धाच्या काळात एक कागद असा इकडून तिकडे फिरला आणि किंग व पेच्चेई यांची गाठ पडली! एप्रिल १९६८ मध्ये दोघांनी रोमला सुमारे ३० विद्वान जमवले. बैठक साफ फसली. मात्र त्यानंतर पेच्चेईंच्या घरी चार-सहा जण बसले आणि ‘क्लब ऑफ रोम’ जन्माला आला.

क्लबने अमेरिकेतील एमआयटीच्या तरुण संशोधकांना काम दिले. पैसा दिला फोक्सवॅगन प्रतिष्ठानने. मोटारींच्या नावाच्या पैशातून वाढीच्या मर्यादा तपासल्या गेल्या, हेही विशेषच. लोकसंख्या, अन्न, कारखाने, प्रदूषण आणि खनिजे यांचा संगणकावर मेळ घालून १९७२ मध्ये ‘वाढीच्या मर्यादा’ हा अहवाल निघाला. वाढ अशीच चालू राहिली तर शंभर वर्षांच्या आत आलेख खाली कोसळेल, असा त्याचा इशारा होता.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील कधी शाळेत गेले नाहीत, पण तो आलेख मी त्यांना दाखवला तेव्हा फोड करून सांगावी लागली नाही. उसाच्या पट्ट्यात आमची तिसरी बोअर कोरडी गेली आहे.

अहवालावर टीकाही झाली. किंमत वाढली की माणूस वापर कमी करतो आणि पर्याय शोधतो, हे त्यात धरलेच नाही, असे अर्थशास्त्रज्ञ म्हणाले. गरीब देशांचा सवाल मला अधिक रास्त वाटतो: आम्ही अजून जेवलोही नाही, मग ताट उचलायला आम्हालाच का सांगता? अहवालात सारे जग एकच घर मानले होते. त्यातली माडी आणि झोपडी वेगळी काढली नव्हती. पेच्चेईंनी ही टीका झटकली नाही. क्लबच्या १९७४ च्या अहवालात जगाचे दहा विभाग पाडले गेले. १९७६ मध्ये टिनबर्गन यांच्या अहवालाने श्रीमंत व गरीब देशांतील आर्थिक व्यवहाराची नवी घडी सुचवली.

‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वतोमुखी झाला तो १९८७ च्या ब्रुंटलांड आयोगामुळे. पेच्चेई त्यापूर्वीच, १४ मार्च १९८४ रोजी, रोममध्ये निवर्तले. शतक संपण्यापूर्वी काय काय करायला हवे, याचे टिपण ते अखेरच्या दिवसापर्यंत सांगून लिहवून घेत होते. ते अपुरेच राहिले.