वर्षभराने खांदा कसा आहे? हा प्रश्न विचारणारे डॉ. कॉडमन

खांद्याची फाटलेली शीर दुर्बिणीने शिवून घेतलेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला एक सोपा व्यायाम शिकवतात. कमरेत वाकायचे, चांगल्या हाताने टेबलाचा आधार घ्यायचा आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलका झुलू द्यायचा. कागदावर त्याचे नाव बऱ्याचदा कॉडमनचा व्यायाम असे लिहिलेले असते. हे कॉडमन कोण, हे समजले तर शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या का चुकवू नयेत हेही समजेल.

खांद्यात नेमके काय फाटते?

खांद्याच्या गोळ्याभोवती चार स्नायू असतात. त्यांच्या कंडरा मिळून हाडावर टोपीसारखे आवरण तयार होते. याला रोटेटर कफ म्हणतात. पडल्यामुळे, जड ओझे उचलल्यामुळे किंवा वयानुसार झीज होऊन ही कंडरा हाडापासून सुटते. बोलीभाषेत आपण तिलाच शीर म्हणतो. मग हात वर जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

बॉस्टनचे तरुण डॉक्टर

अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांनी आणि हार्वे कुशिंग या सहकाऱ्याने भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास तक्त्यावर नोंदवायला सुरुवात केली. आज भूलतज्ज्ञ ठेवतात त्या नोंदींची ही सुरुवात होती. क्ष-किरणांचा शोध लागताच त्यांनी त्यावरही काम केले.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक असताना त्यांचे लक्ष खांद्याकडे वळले. फाटलेली कंडरा पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०९ मध्ये केली आणि १९११ मध्ये दोन यशस्वी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा दुर्बीण नव्हती, खांदा उघडूनच शिवावा लागे.

प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड

त्यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे. त्यावर आजार, उपचार आणि वर्षभरानंतरची स्थिती लिहावी. गुण आला नसेल तर कारण शोधावे: निदान चुकले, कौशल्य कमी पडले, की आजारच तसा होता? आणि हे निकाल लोकांपासून लपवू नयेत.

१९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांचे निकाल त्यांनी छापले आणि त्यात १२३ चुका मोजून दाखवल्या. त्या काळी असे कोणी करत नव्हते.

सत्याची किंमत

मोठ्या रुग्णालयात ज्येष्ठतेवर बढती मिळे, निकालांवर नाही. याच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये डॉक्टरांच्या सभेत त्यांनी एक मोठे व्यंगचित्र उघड केले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग डॉक्टरांना सोन्याची अंडी देतो आहे आणि उपचारांचे निकाल बघायला कोणी तयार नाही, असा त्याचा अर्थ होता. सभा खवळली. त्यांचे स्थानिक संघटनेतील पद गेले, सहकारी दुरावले, उत्पन्न घटले.

तरीही काम थांबले नाही. १९२० मध्ये त्यांनी हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. १९३४ मध्ये खांद्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही स्वखर्चाने. २३ नोव्हेंबर १९४० रोजी ते वारले. त्यांच्या कबरीवर अनेक दशके नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसवण्यात आला. उपचारांचे निकाल मोजणे आज जगभर चांगल्या रुग्णालयाचे लक्षण मानले जाते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षा ठेवावी?

- बहुतेक रुग्णांच्या वेदना कमी होतात आणि हात वापरता येतो. ताकद मात्र सावकाश येते.
- साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. पूर्ण सुधारणेला ६ महिने ते वर्ष लागू शकते.
- छेद लहान असला तरी कंडरा हाडाला चिकटायला वेळ तेवढाच लागतो. जखम भरली म्हणजे खांदा बरा झाला असे नाही.
- काहींची कंडरा पुन्हा फाटते. मोठी किंवा जुनी फाट, वाढते वय, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे हा धोका वाढतो. पुन्हा फाटली तरी अनेकांच्या वेदना आधीपेक्षा कमीच राहतात.
- काही महिने खांदा आखडू शकतो. व्यायामाने तो सहसा मोकळा होतो.

नंदुरबारच्या रुग्णांनी विशेष लक्ष द्यावे

धडगाव, अक्कलकुवा किंवा तळोद्याहून शस्त्रक्रियेसाठी सुरत, धुळे किंवा नाशिक गाठायचे म्हणजे दिवस मोडतो आणि भाड्याचा खर्च होतो. म्हणून टाके निघाले की अनेक जण पुन्हा जात नाहीत. दुखणे कमी झाले की सरपणाची मोळी, मिरचीचे पोते किंवा ऊसतोडणी सुरू होते. अजून कच्ची असलेली कंडरा अशा वेळी सुटू शकते.

- शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा: फाट किती मोठी आहे? माझ्यासारख्या रुग्णांना वर्षभराने कसे असते?
- डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआय जपून ठेवा. दर वेळी सोबत न्या.
- लांब जाणे शक्य नसेल तर जवळ कुठे तपासणी आणि फिजिओथेरपी करता येईल ते आधीच ठरवून घ्या.
- झुलवण्याचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा. ओझे कधी उचलायचे, हेही त्यांनाच विचारा.
- ताप, जखमेतून पू, हाताला बधिरपणा किंवा अचानक ताकद गेल्यास त्वरित दाखवा.

वर्षभराने, खांदा दुखत नसला तरी, एकदा डॉक्टरांना भेटा. हात किती वर जातो, रात्री झोप लागते का, कोणते काम जमत नाही, ते सांगा. तुमच्या उत्तरामुळे तुमच्यानंतर येणाऱ्या रुग्णालाही नेमका सल्ला देता येतो.