पंडिता रमाबाई आणि अनाथ लेकरांचे पालकत्व

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. अनाथ लेकराचे पालकत्व पत्करणे हे पैसेवाल्याचे काम. ज्याच्या घरी महिनाअखेर पीठ संपते त्याने ह्यात काय करावे? ह्या प्रश्नास उत्तर म्हणून आम्ही आज वाचकांपुढे पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र ठेवीत आहोत. त्यांची विद्वत्ता व त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ह्यांविषयी बहुतेकांस माहिती आहे. परंतु दूरच्या अनोळखी माणसांनी दिलेल्या लहान लहान वर्गण्या त्यांनी कशा मिळविल्या आणि त्यांतून निराधार मुलींच्या हातांस काम कसे दिले, ही बाजू आमच्या मते तितकीच बोधप्रद आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस शिकविले, आणि आईने ती विद्या रमाबाईंस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले, झाडांची पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली, आणि आईबाप व थोरली बहीण एकामागून एक मरण पावली. हे हाल रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. पुढे दुष्काळातील मुलींस पाहून त्यांचे अंतःकरण का कळवळले, ह्याचे कारण येथेच आहे.

भाऊ श्रीनिवास ह्याच्याबरोबर त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला, परंतु १८८२ साली पतीही पटकीने मरण पावले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. लेकरू कडेवर घेऊन विधवा रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहून त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, व्याख्याने दिली, आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ साली प्रसिद्ध झाले व त्याच्या विक्रीचे उत्पन्न त्यांनी आपल्या भावी शाळेसाठी ठेविले. तेथील स्त्रिया थोडथोडे पैसे जमवून केवढाली कामे चालवितात, हे त्यांनी बारकाईने पाहिले, आणि स्वदेशी परत आल्यावर अमेरिकेतील लोकस्थितीविषयी मराठीत पुस्तक लिहून ते आपल्या भगिनींपुढेही मांडले.

१८८७ सालच्या डिसेंबरात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा गावोगावी निघाल्या. त्यांस रमाबाई मंडळे म्हणत. सभासदाने वर्षास निदान एक डॉलर द्यावा, आणि तो दहा वर्षे द्यावा, असा करार असे. त्या काळी एक डॉलर म्हणजे आपले सुमारे तीन रुपये. देणाऱ्यांत विद्यार्थिनी होत्या, शिक्षिका होत्या, सामान्य गृहिणी होत्या. ज्या विधवेसाठी आपण देतो तिचे तोंड त्यांतील बहुतेकींस कधी दिसणार नव्हते. वाचकांनी येथे लक्ष द्यावे, ते दोन गोष्टींकडे. रक्कम लहान होती, परंतु मुदत लांब होती. एकदाच भावनेच्या भरात शंभर देणारा मिळणे सोपे. दहा वर्षे न चुकता एक देणारा मिळणे कठीण, आणि शाळा चालते ती अशाच माणसाच्या जिवावर.

मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगराचा किनारा ज्या उपसागरास लागून आहे, त्याच उपसागराच्या उत्तर टोकास गिरगावची चौपाटी आहे. त्या चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. येथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई ह्या नावाने त्या पुढे हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी स्वतः वर्गणी गोळा करीत फिरल्या. बोस्टनच्या डॉलरावर शिकलेली मुलगी दुसऱ्या विधवांसाठी झोळी घेऊन उभी राहिली, ह्याहून त्या डॉलराचे मोठे व्याज कोणते?

परंतु मार्ग निष्कंटक नव्हता. शारदा सदनात धर्माची सक्ती होणार नाही, असे वचन रमाबाईंनी देणाऱ्यांस व पालकांस दिले होते. त्या आपली स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली आपण होऊन तीस बसू लागल्या. १८९३ साली ह्यावरून पुण्यात मोठा क्षोभ झाला. सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूस झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद सर्वस्वी निष्कारण होता असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या लेकराचा सांभाळ जो पत्करतो, त्याच्या हाती त्या लेकराचे मनही येते. तेव्हा त्याने फार जपून वागले पाहिजे. जे भाकर देतात त्यांनी भाकरीच्या मोबदल्यात श्रद्धा मागू नये. आमच्या उपदेशक बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण हिशेबाची होती. दहा वर्षांचा करार १८९८ साली संपावयाचा होता. मग पुढे काय? रमाबाई मुदत संपण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन फळझाडे लाविली व विहिरी खणविल्या, अशा हेतूने की बागेच्या उत्पन्नावर शाळेने पुढे स्वतःचा निर्वाह करावा. झाडे अजून लहान होती, तोच १८९६ सालचा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांस आपले स्वतःचे पूर्वीचे दिवस आठवले, आणि त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे इतक्या जणींस तेथे ठेवता येईना; म्हणून त्यांस केडगावच्या शेतावर नेले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, आणि जुन्या संस्थेच्या जागी नवी संस्था स्थापन होऊन मदतीचा ओघ पुढे चालू राहिला. १९०० सालच्या गुजराथेतील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दीड हजारांवर गेली.

आता इतक्या मुलींस नुसते खाऊ घालून बसविले असते, तर परदेशचा पैसा आटताच सर्व पुन्हा रस्त्यावर आल्या असत्या. रमाबाईंनी सदनात उद्योगशाळाच मांडली. भट्टीवर पाव भाजणे, साधे कपडे शिवणे, टोप्या करणे, जाळीची किनार विणणे, भरतकाम, सूत व लोकर कातणे, घोंगड्या व लुगडी विणणे, दोर, टोपल्या, केरसुण्या करणे, दाणे भाजणे, भांड्यांस कल्हई, कपडे रंगविणे व धुणे, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेत व मळा, अशी कामे शेकडो मुली करीत. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलीच होत्या, आणि रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्र त्याच छापखान्यात छापले गेले.

ह्या कामांकडे वाचकांनी हलके समजून पाहू नये. भट्टीजवळ बसणारीस पीठ मोजावे लागते, आंबवण फुगण्याची वेळ सांभाळावी लागते, आच ओळखावी लागते. एका दिवसाची हयगय झाली तर शेकडो ताटे रिकामी राहतात. शिवणारीस माप घ्यावे लागते व कापड वाया न घालविता बेतावे लागते. जिला काल जगाने अपशकुनी म्हणून हाकलले, तिच्या हातच्या पावावर आज सर्व घर जेवते, हे तिला रोज दिसे. गेलेला मान असा परत आला. सारफथच्या विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ होते, यापोच्या टबीथेच्या हाती सुई होती. देवाने त्यांच्यापाशी जे होते त्याचाच उपयोग केला.

कन्या मनोरमाबाई आईच्या कामात उजवा हात होत्या. त्या १९२१ साली वारल्या. रमाबाईंनी शास्त्राच्या भाषांतराचे काम शेवटास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेविला. मुक्ती मिशन आजही तेथे चालू आहे.

ह्या चरित्राचा आजच्या दिवसाशी संबंध आहे. परदेशातील कुटुंबाने आपल्याकडील एकेका मुलाचा महिन्याचा खर्च उचलावा, ही पद्धत पुढे फार वाढली. परंतु परदेशी वर्गणीविषयीच्या सरकारी अटींमुळे २०१७ सालच्या मार्चात कम्पॅशन इंटरनॅशनल ह्या संस्थेचे भारतातील काम बंद झाले, आणि एक लक्षाहून अधिक मुलांची मदत थांबली. ज्या मंडळ्यांनी सर्व भार दूरच्या देणाऱ्यावर टाकला होता, त्यांच्यापुढे रमाबाईंचाच जुना प्रश्न उभा राहिला: मुदत संपली, आता काय?

उत्तरही जुनेच आहे. देणारा जवळचा असावा, देणे लहान पण नेमाचे असावे, आणि घेणाऱ्याच्या हाती कसब यावे. मच्छीमार नगरासारख्या दाट वस्तीत असो की दुष्काळी तालुक्यातील वाडीत, जिच्या घरी शिवणयंत्र आहे ती आठवड्यास एक सांज बिनबापाच्या लेकरांच्या गणवेशास देऊ शकते. जिला नानकटाई किंवा पाव चांगला करता येतो, ती सणाच्या आधी चार शेर पिठाचा माल करून त्याचे पैसे एका मुलीच्या वह्यांस लावू शकते. आणि त्या मुलीस शेजारी बसवून ते काम शिकवू शकते. जिच्याजवळ ह्यांपैकी काही नाही, तिने स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढावे. दहा घरांची अशी मूठ एका लेकराचे पोट भरते.

मंडळीच्या पंचांनी मात्र ह्याचा हिशेब लिहून ठेवावा व तो सर्वांपुढे वाचावा, कारण हिशेब उघडा असला म्हणजे नेम टिकतो. आणि ज्या लेकरासाठी हे चालते, त्यास आपण भिकारी आहो असे वाटू देऊ नये. ते उद्या देणारे होणार आहे, असे समजूनच त्यास वाढवावे.